‘येतो’ म्हणून गेलेली अकरा माणसं

फौजदार गलांडे कुमुदताई शेट्यांच्या घरात शिरले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बाकीचे अकरा जण कुठे आहेत?”

कुमुदताई पोहे निवडत होत्या. वय त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, घरात त्या एकट्याच.

“कोण अकरा?”

“मंगळवारी संध्याकाळी या घरात अकरा माणसं आली. बाहेर एकही गेलेलं नाही. आज गुरुवार आहे.”

“म्हणजे दोन दिवस अकरा माणसं माझ्या दोन खोल्यांत आहेत, आणि कुणी चहासुद्धा मागितला नाही?”

पोलिसांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, माळा पाहिला, पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली. पेटीत कागद होते आणि त्यांवरची अक्षरं चौघांपैकी एकाही पोलिसाला वाचता येईनात. गलांड्यांचा आवाज बदलला. “हे कसलं कोड आहे?”

“मोडी आहे. तुमच्या हातात आहे तो एका विहिरीच्या वाटपाचा कागद. आणि तो तुम्ही उलटा धरलाय.”

दर मंगळवारी कुमुदताईंकडे मोडी लिपीचा वर्ग भरायचा. अकरा विद्यार्थी, त्यातले सात पेन्शनर. दोन तासांच्या चौकशीनंतर पोलिसांनी पेटी जप्त केली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही हकिकत पाणी कंपनीच्या प्रयोगशाळेत ध्वनितज्ज्ञ रेवती खिल्लारेने सिद्राम हत्तुरेंच्या तोंडून ऐकली, तेव्हा ती मनापासून हसली. सिद्राम हसले नाहीत.

“हसू नका मॅडम. अकरा हा आकडा पोलिसांला कुणी दिला, ते सांगा.”

“शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिला असेल, काका.”

“शेजाऱ्यानं माणसं येताना मोजली असती, तर जातानाबी मोजली असती की.”

रेवती हसायची थांबली.

सिद्राम माणगिरी शहराचे चावीवाले होते. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा, हे काम ते एकतीस वर्षं करत आले होते. पुरुषभर उंचीच्या लोखंडी चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसरं ते कानामागच्या हाडाला लावत आणि जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते सांगत. बहुतेक वेळा दहा पावलांच्या आत खणलं की गळती सापडे. ‘जलकर्ण’ कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला, तेव्हा असे सहा चावीवाले रोज काही तास प्रयोगशाळेत बसवण्याची कल्पना रेवतीचीच होती. त्यांचे कान यंत्राला शिकवणार होते.

यंत्र साधं होतं, म्हणूनच रेवतीला ते सुंदर वाटे. शहरातल्या प्रत्येक मोठ्या जलवाहिनीत केसाएवढ्या जाडीचा काचेचा तंतू सोडलेला होता. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म डाग राहतात. तंतूत लेसरचा एक झपका सोडला की प्रत्येक डागावरून किंचितसा प्रकाश मागे परततो. परतायला किती वेळ लागला यावरून डाग किती दूर आहे ते कळतं. तंतू कुठे ताणला गेला, अगदी केसाच्या जाडीच्या एक लाखांश इतका जरी, तरी तिथून परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. असे सेकंदाला चार हजार झपके सोडले की तंतूचा प्रत्येक मीटर एक कान होतो. पाणी गळताना बारीक फुसफुसतं. तो आवाज ओळखायला यंत्राला शिकवलं, की रस्ता न उकरता गळती सापडते. पहिल्याच वर्षी शहराचं एक पंचमांश पाणी वाचलं होतं.

फक्त कान एकदा लावला की तो हवं तेवढंच ऐकत नाही. घरातला नळ मुख्य वाहिनीला जोडलेला असतो आणि स्वयंपाकघरातलं स्टीलचं सिंक ताणलेल्या पडद्यासारखं थरथरतं. पंप, मीटर, भांडी, पावलं, बोलणं, सगळं त्या नळातून खाली उतरायचं. चावीवाले हेडफोन लावून बसत आणि प्रत्येक तुकड्याला नाव देत: गळती, पंप, मीटर. यापैकी काहीच नसेल तर चौथं बटण. त्यावर रेवतीने स्वतः ‘इतर’ असं लिहिलं होतं.

“मंगळवारचा आवाज मी ऐकलाय,” सिद्राम म्हणाले. “हितंच, ह्या खुर्चीत. ‘बरं ताई, येतो.’ ‘येते हं.’ एकामागनं एक. शेटेबाईंचा आवाज मला ठावूक हाय, माझ्या पोरीला त्यांनी शिकवलंय. मी सगळं ‘इतर’मध्ये टाकलं. तुम्हीच सांगितलं हुतं, पाण्याचं नसंल ते ‘इतर’.”

“ते पुसलं जातं, काका.”

“पुसताना बघितलंय का तुम्ही?”

तिने बघितलं नव्हतं. तो प्रश्न तिला वैज्ञानिक म्हणून लागला. जे पाहिलं नाही ते माहीत आहे असं धरून चालायचं नाही, एवढं तरी ती कॉलेजात शिकली होती.

तिने शोधायला सुरुवात केली आणि वीस मिनिटांत तिला सापडलं. ‘इतर’ पुसलं जात नव्हतं. दर तासाला ते राज्याच्या नागरी सुरक्षा कक्षाकडे जात होतं. करारातल्या एका परिशिष्टात ‘अतिरिक्त ध्वनीचा विनियोग’ असे तीन शब्द होते, आणि त्या शब्दांखाली सगळं शहर मावलं होतं. कक्षाकडे दुसऱ्या कुठल्याशा कंपनीने बनवलेली एक प्रणाली होती. ती बोलणं ऐकून त्याचा तक्ता करायची: कोण, कुठे, काय क्रिया.

तक्त्याची एक प्रत कंपनीकडे परत येत असे; रेवतीने ती उघडली. शेटे यांचं घर, मंगळवार, सात वाजून पाच ते सात वाजून वीस. आगमन: अकरा. निर्गमन: शून्य.

सिद्राम तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. आधी त्यांना कळलं.

“आयला. त्यानं ‘येतो’ म्हणजे खरंच आला, असं धरलंय.”

प्रणाली व्याकरणात पक्की होती. ‘येणे’ म्हणजे आगमन, ‘जाणे’ म्हणजे निर्गमन. मराठी घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत येताना लोक ‘आहात का ताई’ म्हणाले होते, त्याची नोंद ‘चौकशी’ अशी झाली होती. निघताना अकरा जण ‘येतो’ म्हणाले आणि तक्त्यात अकरा जण आत आले. एका विद्यार्थ्याचं वाक्य लाल रंगात होतं: ‘आपण लिहिलेलं बाहेर कुणाला वाचता येत नाही, हीच तर गंमत.’

रेवतीने तक्ता वर-खाली फिरवला. माणगिरीच्या घरोघरी माणसं साठत चालली होती. एका न्हाव्याच्या घरात गेल्या महिन्यात एकशेचाळीस पाहुणे आले होते आणि सगळे अजून तिथेच होते.

“मला चार दिवस द्या,” ती म्हणाली. “मी कुलथे साहेबांशी बोलते. हे थांबवता येईल.”

“चार,” सिद्राम म्हणाले.

प्रकल्पप्रमुख कुलथे यांनी तिचं शांतपणे ऐकलं, परिशिष्ट कायदेशीर आहे असं सांगितलं आणि ‘बघतो’ म्हणाले. चार दिवसांचे नऊ झाले. या नऊ दिवसांत रेवतीने वरिष्ठांना पाठवायच्या पत्राचे पाच मसुदे केले. पाचही चांगले होते. पाठवलं एकही नाही.

दहाव्या दिवशी सिद्रामनी तक्त्याचं एक पान छापून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि ते पाणी सोडायला गेले. ते ना वर्तमानपत्राकडे गेले, ना पुढाऱ्याकडे. पाणी कमी दाबाने येणार असलं की चावीवाला दारोदार सांगत जातो. त्याच चालीने, त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, “उद्या पाणी अर्धा तास उशिरा. आणि तुमचा नळ तुमचं बोलणं ऐकतोय. हे बघा.” पान दाखवून झालं की उपायही सांगत. घरातला नळ बाहेरच्या जोडणीला मिळतो तिथे वीतभर रबरी नळी घालायची. कडक नळातून आलेला आवाज मऊ रबरापाशी आला की बहुतेक मागे फिरतो. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. रबर लावलेल्या जोडावर चावी बहिरी होते, हे त्यांच्या कानाला तीस वर्षं माहीत होतं.

आठवड्याभरात पश्चिम पेठेतल्या अडीच हजार घरांत रबर लागलं. आठव्या दिवशी सिद्रामना अटक झाली. महत्त्वाच्या सुविधांच्या गोपनीयतेचा नवा कायदा होता, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. जामिनावर ते सुटले, पण खटला चालवायला मंजुरी समितीची परवानगी लागणार होती, आणि समितीला हवं होतं एक तांत्रिक प्रमाणपत्र: माहिती फोडल्याने सुविधेच्या क्षमतेला हानी पोहोचली. प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार फक्त प्रमुख ध्वनितज्ज्ञाला होता. म्हणजे रेवतीला.

“एक ओळ आहे,” कुलथे म्हणाले. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. “आणि रागावू नकोस, मला सिद्रामबद्दल आकस नाही. मी त्याच्या पोरीच्या लग्नात जेवलोय.”

“मग?”

“मग असं, की आज सिद्रामने चांगल्या हेतूने माहिती बाहेर नेली. उद्या कुणी सगळ्या टाक्यांचा नकाशा बाहेर नेईल, आणि तोही म्हणेल माझा हेतू चांगला. हेतू कसा मोजायचा? कायद्याला हेतू मोजता येत नाही, रेवती. नुकसान मोजता येतं.”

तिला हे उत्तर आवडलं नाही, पण त्यात तथ्य होतं. टाक्यांचे नकाशे खरंच कुणाच्याही हातात जाऊ नयेत, असं तिलाही वाटत होतं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “मग नुकसान मोजू या.”

“म्हणजे?”

“सही करायची तर मोजून करीन. तीन आठवडे लागतील.”

कुलथ्यांना वाटलं ती वेळ काढते आहे. सुनावणीला चार आठवडे होते, त्यामुळे त्यांनी मान हलवली.

मोजायचं काय, हे ठरवण्यासाठी तिने ‘इतर’ची यादी पेठेनुसार लावली, आणि तिच्या स्वतःच्या गल्लीचं नाव समोर आलं. तिचा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. ‘खिल्लारे-राजगुरू’ या नोंदीवर तिने बोट टेकवलं आणि कानात तिचं स्वतःचं स्वयंपाकघर उघडलं. जुन्या टेलिफोनवर यायचा त्याहून थोडा वाईट आवाज, पण शब्द न् शब्द कळत होता. तिचा नवरा कौस्तुभ भांडी घासत होता आणि फोनवर भावाशी बोलत होता.

“नाशिकची नोकरी मी नाही म्हणून कळवलं. नाही, तिला सांगितलं नाही. तिचं यंत्र इथे आहे ना. सांगीन कधीतरी, तिच्या वाढदिवसाला वगैरे. चिडेल आधी, मग रडेल.”

रेवतीने हेडफोन काढून ठेवले. वाईट काही ऐकू आलं असतं तर निदान भांडता आलं असतं. हे तर तिच्यासाठी कुणीतरी जपून ठेवलेलं होतं आणि ते तिने कपाट फोडून काढलं होतं.

दोन दिवस ती घरी नीट बोलू शकली नाही. कौस्तुभने मीठ मागितलं तरी तिला वाटे, याने पुढे काहीतरी सांगावं आणि आपण ते पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करावा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सांगून टाकलं. कौस्तुभ ओट्याला टेकून उभा राहिला.

“किती ऐकलंस?”

“एवढंच.”

“एवढंच ऐकलंस हे मला कसं कळणार?”

रेवतीने सिंकचा नळ घट्ट पिळून बंद केला.

“मी ते कसं सांगायचं हेसुद्धा ठरवलं होतं,” तो म्हणाला. “आता ती गोष्ट माझ्याकडे नाहीच. तुझ्याकडे आधीच आहे. मी काय सांगू?” त्याने सिंककडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, मग आपण आवाज का खाली आणला हे लक्षात येऊन तो चिडला. “आणि मी माझ्या घरात कुजबुजतोय.”

त्यावर ती म्हणाली, “सिद्रामकाकांनी सांगितलं तेव्हा मला हे माहीत होतं. नऊ दिवस मी गप्प बसले होते. त्या नऊ दिवसांतलंच हे बोलणं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, “मोजणार कसं आहेस?”

मोजण्याचे दोन भाग होते. पहिला सोपा. पश्चिम पेठेत यंत्राची परीक्षा घ्यायला चाळीस ठिकाणी बारीक तोट्या बसवलेल्या होत्या. त्या उघडल्या की खोटी गळती तयार होई आणि यंत्राने ती ओळखायची. रबर लागण्यापूर्वी, वसंतात घेतलेल्या परीक्षेत यंत्राने चाळीसपैकी एकोणतीस ओळखल्या होत्या. रेवतीने तशाच चाळीस तोट्या, त्याच क्रमाने, त्याच दाबाने पुन्हा उघडल्या. यंत्राने छत्तीस ओळखल्या. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा मोजलं: छत्तीस. तिसऱ्यांदा मोजलं: सदतीस.

जामिनावरचे सिद्राम रस्त्याच्या पलीकडे पानटपरीपाशी उभे राहून हे बघत होते. कंपनीच्या कुठल्याही तोटीजवळ जायला त्यांना बंदी होती. रेवती रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेली.

“वाढलं काका. कमी व्हायला हवं होतं ना?”

“का म्हणून?” सिद्राम म्हणाले. “बाजारात उभं राहून कुणाचं कुजबुजणं ऐकू येतं का? बाजार बंद झाल्यावर येतं. घरं गप झाली, आता पाणी बोलतंय.”

ती हे भौतिकशास्त्राच्या भाषेत लिहिणार होती: घरांतून येणारा गोंगाट घटल्याने क्षीण गळतीचा संकेत उठून दिसतो. पण याहून नेमकं वाक्य तिला सुचलं नसतं.

“तुम्ही मला विचारायला नको हुतं का आधी?” ती थोड्या वेळाने म्हणाली. तिने मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं.

“विचारलं की. चार दिवस दिले, तुम्ही नऊ घेतले.” सिद्रामनी सुपारी तोंडात टाकली. “मला राग नाही मॅडम. शिकलेल्या माणसाला पत्र लिवावं लागतं. आमचं तसं नसतं. आमचं दार वाजवलं की झालं.”

दुसरा भाग अवघड होता. घरातलं बोलणं रबरामुळे खरंच ऐकू येईनासं झालं का, हे मोजायला घरातलं बोलणं ऐकायला हवं. ते ती आता करणार नव्हती. शेवटी कौस्तुभच म्हणाला, “आपलं घर घे.” त्याने जोडणीत रबर बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं, आणि प्रत्येक वेळी सिंकसमोर उभा राहून वर्तमानपत्रातल्या वधू-वर सूचक जाहिराती मोठ्याने वाचल्या. रेवती कार्यालयात बसून लिहून घेत होती. रबराविना दहापैकी आठ वाक्यं अक्षरशः कळली. रबर लावल्यावर एकही नाही.

“कसं वाटलं?” घरी आल्यावर तिने विचारलं.

“बरं वाटलं. कोण ऐकतंय ते माहीत होतं. एक गोरी, गृहकृत्यदक्ष मुलगी सापडली आहे, नाशिकची. पत्ता ठेवलाय.”

महिन्याभरात पहिल्यांदा ती हसली आणि म्हणाली, “तुझ्या घरात किती दिवसांनी हसले.” त्याने दुरुस्त केलं: “आपल्या घरात.”

सुनावणी जुन्या विश्रामगृहाच्या सभागृहात दुपारी बारा वाजता सुरू झाली. समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश बर्डे होत्या. उंच, बारीक, चष्म्यावरून बघणाऱ्या. शासनाच्या बाजूने पानसे वकील, त्यांच्या शेजारी कुलथे. समोरच्या बाकावर सिद्राम इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ताठ बसले होते. मागच्या रांगेत कुमुदताई आणि त्यांचा वर्ग होता, सगळेच्या सगळे अकरा.

“प्रमाणपत्र?” बर्ड्यांनी विचारलं.

रेवतीने दिलं. पानसे आधीच म्हणत होते, “एका ओळीचा मुद्दा आहे, बाईसाहेब. क्षमतेला हानी पोहोचली असं तज्ज्ञांनी प्रमाणित केलं की—”

“थांबा,” बर्डे म्हणाल्या. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा मोठ्याने वाचला. “‘माहिती उघड झाल्यानंतर पश्चिम पेठेत सुविधेची गळती शोधण्याची क्षमता चाळीसपैकी एकोणतीसवरून छत्तीसवर गेली. घरातलं बोलणं ऐकण्याची क्षमता दहापैकी आठवरून शून्यावर आली. यांपैकी सुविधेची क्षमता कोणती, हे शासनाने लेखी कळवावं. पहिली असेल तर हानी झालेली नाही. दुसरी असेल तर पूर्ण हानी झाली आहे, आणि तसं प्रमाणित करायला मी तयार आहे.’ खाली सही, तारीख, मोजणीचे तक्ते.”

कुलथे हळूच कपाळ चोळत होते.

“पानसे, हे तर सोपं आहे,” बर्डे म्हणाल्या. “एक शब्द लिहायचा. पहिली की दुसरी?”

“बाईसाहेब, सुविधेची क्षमता ही समग्र संकल्पना—”

“समग्र लिहू नका. माझ्यासमोर सात वर्षांच्या शिक्षेचा अर्ज आहे. ज्याचं नुकसान झालं त्या वस्तूचं नाव मला हवं. एखाद्याने सायकल चोरली तर आपण ‘समग्र वाहन’ लिहीत नाही.”

पानशांनी रेवतीकडे मोर्चा वळवला. “तुम्ही कंपनीच्या कर्मचारी आहात. ही मोजणी करायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुलथे साहेबांनी. हेतू मोजता येत नाही, नुकसान मोजता येतं, असं ते म्हणाले. ते मला पटलं.”

कुलथ्यांनी नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं ते रागावतील. ते रागावले नव्हते. मोठा हिशोब चुकल्यावर आकड्यांकडे बघावं तसे बघत होते.

पानशांनी वीस मिनिटं मागितली. ते व्हरांड्यात फोनवर बोलत राहिले. खिडकीतून त्यांचा हात वर-खाली होताना दिसत होता. परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवा कागद होता. शासन हा अर्ज मागे घेत आहे. हत्तुरे यांच्यावर खटला चालवण्याचा शासनाचा विचार नाही.

मागच्या रांगेत टाळ्या वाजल्या. बर्ड्यांनी त्या वाजू दिल्या. मग त्या म्हणाल्या, “अर्जच नाही, तेव्हा त्याची जोडपत्रंही नाहीत. प्रमाणपत्र दप्तरी ठेवता येणार नाही. ज्याचं त्याला परत.” कारकुनाने कागद रेवतीच्या हातात आणून दिला. बर्डे तिच्याकडे चष्म्यावरून पाहत होत्या. “मोजणी स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

व्हरांड्यात पानशांनी तिला गाठलं. आता ते जवळजवळ मैत्रीने बोलत होते.

“छान केलंत. एक लक्षात ठेवा. तो कागद समितीसमोर होता तोवर पुरावा होता. आता ती कंपनीची गोपनीय माहिती आहे. कुणाला दाखवलात तर कलम तेच, शिक्षा तीच. घरी जा आणि फाडून टाका.”

“आणि ‘इतर’?”

“त्याबद्दल इथे कुणी काही विचारलं का?” पानसे म्हणाले. “नाही विचारलं. मग ते आहे तसंच आहे.”

बाहेर आवारात सिद्रामच्या गळ्यात कुणीतरी हार घातला होता आणि ते अवघडून तो काढायला बघत होते. रेवतीने पानशांचं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी हार काढून हातात घेतला.

“म्हणजे मी सुटलो आणि नळ तसाच.”

“पश्चिम पेठ सोडून सगळीकडे. आणि उद्या ते रबर लावायलाही बंदी घालतील.”

“घालतील की.” त्यांनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मॅडम, तुमच्या मनात काय चाललंय ते मला दिसतंय. नको. माझं रिटायर व्हायचं वय झालं हुतं. तुमची उभी नोकरी हाय. एका गल्लीला एक शहाणा पुरे.”

“तुमच्यावर खटला चालला असता तर त्यांना तो शब्द लिहावा लागला असता, काका. म्हणून त्यांनी तुम्हाला सोडलं. तुम्ही निर्दोष आहात असं कुणीही म्हणालेलं नाही. उद्या दुसऱ्या गावात दुसरा चावीवाला असेल, आणि त्याला प्रमाणपत्र देणारी दुसरी कुणी मोजून बघणार नाही.”

“आणि तुमच्यावर चालला तर?”

“तर तोच प्रश्न त्यांना कोर्टात विचारीन. तिथे अर्ज मागे घेतला तरी माझा प्रश्न दप्तरी राहील.”

सिद्रामनी शेजारच्या झाडाच्या फांदीला हार अडकवला आणि म्हणाले, “आकडे नीट सांगा. घाई करू नका. तुम्ही घाईत बोलला की शब्द खाता.”

कौस्तुभचा फोन आला. रेवतीने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, “नाशिकवाल्यांना विचारून ठेवू का, जागा अजून आहे का?” आणि मग हसत, “नको, ते नंतर बघू. कर.”

फाटकापाशी स्थानिक सायंदैनिकाची वार्ताहर तस्नीम मुजावर उभी होती. सुटकेची बातमी तिने आधीच पाठवली होती आणि ती वही मिटत होती. रेवतीने कागद तिच्या हातात ठेवला. तस्नीमने उभ्याउभ्या पहिला परिच्छेद वाचला, मग दुसरा, मग खालची सही.

“हे मला देणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे ना?”

“आत्ताच वकिलांनी समजावून सांगितलं.”

“सही कापून छापते. ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ असं लिहिते. आमच्याकडे तीच पद्धत आहे.”

“नको,” रेवती म्हणाली. “सूत्रांची उलटतपासणी होत नाही. माझी होऊ दे. मोजणी माझी आहे, यंत्र माझं आहे, आणि ते ‘इतर’ नावाचं बटणही मीच केलंय. तेही लिहा.”

तस्नीमने वही पुन्हा उघडली. “पूर्ण नाव?”

“रेवती सुधाकर खिल्लारे.”

“हुद्दा टाकू?”

“टाका ना. प्रमुख ध्वनितज्ज्ञ, जलकर्ण, माणगिरी. पण आजच्या अंकात येईल असं बघा. उद्या तो हुद्दा माझा नसेल.”